उजाड म्हटलेली भूमि : न्यू जर्सीच्या पाईन-वनांतील मुक्काम

ज्या जमिनींतून आपल्या उपयोगाचें पीक निघत नाहीं, तिला एखादें हलकें नांव देऊन मोकळें होणें ही मनुष्याची फार जुनी संवय आहे. आपल्याकडे सातबाराच्या उताऱ्यांत अशा जमिनीपुढें ‘पोटखराबा’ हा शब्द लिहिलेला सांपडतो. यूरोपांतून जे शेतकरी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वसाहतीस आले, त्यांनींही हेंच केलें. त्यांच्या नेहमींच्या पिकांस जी मानवेना, अशा एका विस्तीर्ण वालुकामय अरण्यभूमीस त्यांनीं ‘पाईन बॅरन्स’, म्हणजे पाईन वृक्षांची उजाड भूमि, असें नांव दिलें. शतकें लोटलीं, तरी तें नांव सुटलें नाहीं.

ही भूमि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं न्यू जर्सी या राज्यांत आहे. या राज्याचें नांव आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. महाराष्ट्रांतील पुष्कळ कुटुंबें नोकरीनिमित्त तेथें स्थायिक झालीं आहेत, आणि कोणाचा काका, कोणाची आत्या, कोणाचे थोरले बंधु तेथें असल्याचें आपण नेहमीं ऐकतों. उन्हाळ्याच्या सुटींत हीं मंडळी मुलांबाळांसह राहुट्या घेऊन सरकारी वनांत दोन-चार दिवस मुक्कामास जातात, व त्यांचीं छायाचित्रें घरोघर येऊन पोंचतात. पालकांपैकीं कोणास तिकडे जाण्याचा योग आला, तर तेहि अशा मुक्कामास जातील. तेथें गेल्यावर प्रथम दृष्टीस पडते ती नियमांची पाटी. शेकोटी अमुकच ठिकाणीं, कचरा परत न्यावा, तळ्यांत साबण लावूं नये, झाड तोडूं नये, गाडी रस्ता सोडून नेऊं नये! सुटींत आलेल्या मनुष्यास हें वाचून वाटावें, कीं येथें मोकळेपणानें राहावयाचें तरी कसें? त्या नियमांपैकीं बहुतेकांचें मूळ एकाच गोष्टींत आहे, आणि ती म्हणजे पायाखालची वाळू. हें उलगडून दाखवावें, याच हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

प्रथम या प्रदेशाची ओळख करून घेऊं. न्यू जर्सी हें क्षेत्रफळानें लहान राज्य. परंतु दर चौरस मैलीं लोकवस्ती पाहूं गेल्यास अमेरिकेंतील सर्व राज्यांत याचा क्रमांक पहिला लागतो. एका बाजूस न्यूयॉर्क व दुसऱ्या बाजूस फिलाडेल्फिया अशीं दोन महानगरें त्यास टेकून उभीं आहेत. अशा दाट वस्तीच्या राज्यांत, त्याच्या दक्षिण भागीं, सुमारें ११ लक्ष एकरांचा पाईन-वनांचा प्रदेश आजहि संरक्षित आहे. राज्याच्या एकंदर भूमीच्या हा पांचव्या हिश्शाहून अधिक भरतो. त्यांत सरकारी मालकीचीं अनेक वनें आहेत. सर्वांत मोठें व्हार्टन वन सव्वा लक्ष एकरांच्या आसपास आहे. १९०५ सालीं स्थापन झालेलें बास नदीचें वन हें राज्यांतील पहिलें सरकारी वन होय. मुक्कामाच्या जागा अशाच वनांत राखलेल्या आहेत.

आतां वाळूविषयीं. लक्षावधि वर्षांपूर्वीं समुद्र कधीं पुढें येत असे, कधीं मागें हटत असे. त्या काळीं समुद्रानें व नद्यांनीं आणून टाकलेल्या वाळूचे थर या प्रदेशांत एकावर एक सांचले. समुद्र हटला, पण वाळू राहिली. तिच्यावर पडलेलें पावसाचें पाणी तेथें थांबत नाहीं. तें लागलीच खालीं उतरतें, आणि उतरतांना वनस्पतींस पोषक अशीं द्रव्यें बरोबर धुऊन नेतें. हातभर खड्डा खणून पाहिल्यास वरची वाळू राखेसारखी पांढुरकी व खालची तांबूस पिवळी दिसते. वरून धुऊन निघालेल्या लोहाचा कांहीं अंश खालीं जाऊन बसल्याची ती खूण आहे. अशा निःसत्त्व व आम्ल जमिनींत गहूं पिकेना, म्हणून शेतकऱ्यांनीं तिला उजाड म्हटलें. त्यांचा अनुभव खोटा नव्हता. परंतु त्यांनीं पाहिली ती फक्त वरची वीतभर जमीन. खालीं उतरलेलें पाणी जातें कोठें, हा प्रश्न त्यांनीं विचारला नाहीं.

विद्यार्थ्यांनीं घरीं एक सोपा प्रयोग करून पाहावा. बुडाशीं बारीक भोकें पाडलेले दोन डबे घ्यावे. एकांत नदीची स्वच्छ वाळू व दुसऱ्यांत शेतांतील काळी माती भरावी, आणि दोहोंत पेलाभर पाणी ओतावें. वाळूच्या डब्यांतून पाणी तत्काळ गळूं लागेल. काळी माती तेंच पाणी बराच वेळ धरून ठेवील. मग वाळूवर शाई मिसळलेलें पाणी ओतावें. तें खालून बाहेर येतांना बव्हंशीं रंगीतच बाहेर येईल. वाळू पाणी अडवीत नाहीं, आणि पाण्यांत मिसळलेलें फारसें कांहींहि अडवीत नाहीं. पुढील सर्व विवेचनाची किल्ली एवढ्या प्रयोगांत आहे.

या वनप्रदेशांत वर्षाकाठीं सुमारें ४५ इंच पाऊस पडतो. आपल्याप्रमाणें तो चार महिन्यांत कोसळत नाहीं. बारा महिने थोडाथोडा पडतो. त्यांतील जवळजवळ निम्मा वाळूंतून मुरून भूगर्भांत जातो. अशा रीतीनें सांचलेल्या तेथील भूगर्भजलाचा अंदाज १७ लक्ष कोटि गॅलन इतका करतात. वनांतून वाहणाऱ्या ओढ्यांचें व लहान नद्यांचें बहुतेक पाणी याच संचयांतून पाझरून येतें, आणि भोंवतालच्या लोकांच्या विहिरीहि त्यावरच चालतात. उजाड म्हटलेल्या भूमीच्या पोटांत एवढें पाणी आहे! शिवाय या पाण्यावर दगडाचें किंवा चिकणमातीचें अखंड झांकण नाहीं. बहुतेक ठिकाणीं आहे ती फक्त वाळू.

ही संपत्ति ओळखणारा एक गृहस्थ लवकरच निघाला. फिलाडेल्फियाचे कारखानदार जोसेफ व्हार्टन यांनीं १८७६ सालीं या वनांतील बॅट्स्टो नांवाचें गांव विकत घेतलें, व पुढें भोंवतालची जमीन घेत घेत मोठी जहागीरच जमविली. येथील निर्मळ पाणी नळांनीं फिलाडेल्फिया शहरास पुरवावें, असा त्यांचा बेत होता. परंतु राज्याच्या विधिमंडळानें १८८० नंतरच्या दशकांत पाणी राज्याबाहेर नेण्यास मनाई केली व तो बेत तेथेंच राहिला. व्हार्टन १९०९ सालीं वारले. त्यांची ती अवाढव्य जमीन राज्य सरकारनें १९५४ व १९५५ सालीं विकत घेतली. आज तेथें कोणीहि सामान्य कुटुंब परवाना काढून राहुटी ठोकूं शकतें. ज्या वनाचें नांव व्हार्टन वन म्हणून आम्ही वर सांगितलें, तें हेंच.

आतां आपण मुक्कामास चाललों आहों असें समजूं. जागा आगाऊ राखून ठेवावी लागते. मुक्कामाच्या जागा एकाच प्रकारच्या नाहींत. ॲट्सियन तळ्याच्या कांठीं मोटार थेट राहुटीपर्यंत जाते. मुलिका नदीच्या कांठची जागा मात्र अशी आहे, कीं तेथें मोटार पोंचत नाहीं. पायीं चालत किंवा लहान होडी वल्हवीत जावें लागतें. प्रत्येक कुटुंबास ठराविक मोकळी जागा, एक लांकडी मेज व शेकोटीसाठीं एक लोखंडी कडें, एवढाच सामान्यतः सरंजाम असतो. कांहीं ठिकाणीं पाणी हातपंपानें काढावें लागतें. शहरांत वाढलेल्या मुलांस त्या पंपाचीच मोठी मौज वाटते.

पहिली अडचण येते ती राहुटी ठोकतांना. आपल्या बालवीरांस कठीण मुरुमांत खुंटी ठोकण्याची संवय असते. येथें खुंटी हातानेंहि आंत जाते आणि तितक्याच सहज उपटूनहि येते. म्हणून वाळूसाठीं लांब व रुंद खुंट्या नेतात. दुसरी गोष्ट थंडीची. दिवसा वाळू चटकन् तापते व रात्रीं तितक्याच चटकन् निवते. म्हणून उन्हाळ्यांतहि अंगाखालीं जाड अंथरूण असावें. तिसरी गोष्ट मात्र सोयीची. रात्रीं पाऊस पडला तरी सकाळीं चिखल नसतो. पाणी केव्हांच खालीं गेलेलें असतें.

तळ्याच्या कांठीं गेल्यावर नवा मनुष्य दचकतो. पाणी काळसर तांबडें, बिनदुधाच्या चहासारखें दिसतें. तें घाण नव्हे. वनांतील पानें, साली व दलदलींत वाढणारे पांढऱ्या सीडर जातीचे वृक्ष यांतून उतरलेल्या कषाय द्रव्यांचा व भूगर्भांतील लोहाचा तो रंग आहे. ओंजळींत घेतल्यास पाणी स्वच्छ व फिकट सोनेरी दिसतें. मात्र तें आम्ल असतें, आणि त्या आम्लतेवरच येथील पुष्कळ जीवांचें जीवन अवलंबून आहे.

येथें पाटीवरील पहिला नियम समजूं लागतो. तळ्यांत किंवा ओढ्यांत साबण लावून भांडीं, कपडे वा अंग धुऊं नये. खरकटें पाणी नेमून दिलेल्या जागींच टाकावें. शौचास नेमलेल्याच ठिकाणीं जावें. आपल्या काळ्या मातींत सांडपाणी मुरतां मुरतां त्यांतील बराच मळ मातींतच अडकून राहतो. वाळूंत तें लवकर खालच्या पाण्यास मिळतें. त्यांतील पोषक द्रव्यें ओढ्यांत पोंचलीं म्हणजे पाण्याची आम्लता घटते. तेथें पाईन-वनांचा म्हणून प्रसिद्ध असलेला एक चिमुकला वृक्ष-बेडूक आहे; हिरवें अंग व बाजूस जांभळी रेघ, असा तो मोठा देखणा असतो. मे-जून महिन्यांत दलदलींतून त्याचें ओरडणें ऐकूं येतें. आम्ल पाण्यांत त्याचीं पिलें निभावतात, इतर जातींच्या मोठ्या बेडकांचीं सहसा निभावत नाहींत. पाणी गोडें झालें, कीं ते मोठे बेडूक येतात आणि हा मागें पडतो. खत घातलेल्या शेतांवरून किंवा बंगल्यांच्या हिरवळींवरून आलेलें पाणी हेंच काम मोठ्या प्रमाणावर करतें.

दुसरा नियम कचऱ्याचा. न्यू जर्सीच्या सरकारी उद्यानांत व वनांत बहुतेक ठिकाणीं कचऱ्याची पेटी ठेवीत नाहींत. जें आणलें तें प्रत्येकानें परत न्यावें, असा दंडक आहे. पुष्कळांस ही व्यवस्थेची हयगय वाटते. वास्तविक तसें नाहीं. पेटी भरून वाहूं लागली, म्हणजे रात्रीं रॅकून नांवाचे प्राणी ती उलथून टाकतात आणि कचरा वनभर पसरतो. शिवाय वाळूंत पुरलेली वस्तु दडली असें वाटलें तरी तिच्यांतून पाझरणारें द्रव्य दडून राहत नाहीं, हें आपण डब्याच्या प्रयोगांत पाहिलें आहेच.

तिसरा नियम गाडीचा. वनांतून वाळूच्या जुन्या वाटा गेलेल्या आहेत. मोटार रुळलेला रस्ता सोडून गेली तर वाळूंत रुतून बसते, ही तिची स्वतःची शिक्षा झाली. परंतु जी रुतत नाहीं अशी दणकट गाडी त्याहून वाईट. तिच्या चाकांनीं उथळ डबकीं व त्यांच्या कांठच्या नाजूक वनस्पति चिरडल्या जातात. वरचा पातळ थर एकदा उखडला, म्हणजे अशा निःसत्त्व जमिनींत तो पुन्हां धरण्यास फार काळ लागतो.

चौथा नियम शेकोटीचा, आणि सर्वांत महत्त्वाचा तोच. येथें आम्हांस थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे.

या वनांतील मुख्य वृक्षास पिच पाईन म्हणतात. त्याचें लांकूड व सुयांसारखीं पानें राळेनें भरलेलीं असतात. त्या सुया खालीं पडून त्यांचा जाड थर सांचतो. काल पाऊस पडलेला असला तरी पाणी वाळूंतून उतरून गेल्यामुळें आज तो थर पुन्हां कोरडा असतो, आणि वारा असला म्हणजे एक ठिणगी पुरते. एप्रिल १९६३ मध्यें या प्रदेशांत लागलेल्या वणव्यांनीं पावणेदोन लक्ष एकरांहून अधिक जागा जळली व माणसेंहि दगावलीं. जून १९२२ नव्हे, अगदीं अलीकडे, जून २०२२ मध्यें मुलिका नदीच्या परिसरांत वणवा पेटून १३ हजारांहून अधिक एकर वन जळालें. त्याचें कारण सरकारी चौकशींत असें निघालें, कीं कोणीतरी मनाई असतां शेकोटी पेटविली व ती तशीच सोडून दिली. एका रात्रीची ऊब, आणि तिची किंमत एवढी!

मौज अशी, कीं हीच आग या वनाची शत्रु नाहीं. पिच पाईनची साल जाड असते व सालीखालीं निद्रिस्त कळ्या असतात. आग जाऊन बुंधा कोळशासारखा काळा पडला, तरी कांहीं आठवड्यांतच त्या काळ्या बुंध्यावर हिरव्या सुयांचे झुबके फुटतात. त्यांतील कांहीं वृक्षांचीं फळें, ज्यांस शंकु म्हणतात, राळेनें घट्ट मिटलेलीं असतात. आगीची आंच लागल्यावरच तीं उकलतात आणि बीं मोकळ्या झालेल्या वाळूवर पडतें. ज्या भागांत पूर्वींपासून वारंवार आगी लागत आल्या, तेथें तर पाईन वृक्ष मनुष्याच्या उंचीच्या आसपासच राहतात, आणि हजारों एकरांचें एक ठेंगणें अरण्य तयार झालें आहे. उलट आग मुळींच लागली नाहीं, तर ओक वृक्ष वाढून हळूहळू पाईनची जागा घेतात. यास्तव राज्याचें अग्निशामक वनखातें, जें १९०६ सालीं स्थापन झालें, थंडीच्या दिवसांत हवा व वारा पाहून ठरलेल्या पट्ट्यांत स्वतःच आग लावतें. त्यामुळें सांचलेला पाचोळा जळून जातो व पुढें मोठा वणवा भडकण्याचें भय कमी होतें.

यावरून कोणी म्हणेल, वनास आग हवी आहे, तर मग आमच्या शेकोटीनें काय बिघडतें? फरक हा, कीं जाणत्यानें वेळ पाहून लावलेली आग पाचोळा खाऊन विझते. अजाणत्यानें भर उन्हाळ्यांत टाकलेली ठिणगी झाडांचे शेंडे, गांवें व माणसें पाहत नाहीं. या वनांत लोक राहतात, हें विसरतां कामा नये.

शेकोटी विझविण्याची रीतहि येथें शिकून घेतली पाहिजे. पुष्कळ लोक निखाऱ्यांवर वाळू लोटतात व आग विझली असें समजून झोंपीं जातात. ही समजूत घातक आहे. वाळूखालीं निखारे झांकलेले राहून तासन् तास धगधगत राहतात, आणि वाऱ्यानें वाळू उडाली कीं पुन्हां पेट घेतात. कधीं जवळचीं मुळें व कुजका पाला आंतल्या आंत धुमसत जातो. म्हणून पाणी ओतावें, काठीनें ढवळावें, पुन्हां पाणी ओतावें, आणि हाताची पाठ जवळ नेऊन ऊब लागत नाहीं अशी खात्री करावी. शेकोटी कड्याबाहेर पेटवूं नये, व कोरड्या हवेच्या दिवसांत वनखात्यानें बंदी केली असेल तर कड्यांतहि पेटवूं नये. जळण दुरून आणूं नये, अशीहि सूचना असते. कारण लांकडांत लपून येणाऱ्या किड्यांनीं दूरदूरचीं झाडें नासतात. जवळच विकत मिळणारें लांकूड घ्यावें.

मद्यास बंदी, रात्रीं दहानंतर शांतता, हे नियम सांगून समजावयास नकोत. एका गोष्टीविषयीं मात्र पालकांनीं विशेष सावध राहिलें पाहिजे, आणि ती वाळूची नव्हे. या वनांत हरणांच्या अंगावरील बारीक गोचिडी फार असतात, व त्यांच्या चाव्यानें लाईम नांवाचा रोग होतो. १९७५ च्या सुमारास शेजारच्या भागांतील लाईम नांवाच्या गांवीं त्याकडे प्रथम लक्ष गेलें, म्हणून त्यास हें नांव पडलें. मुलांनीं लांब विजार व मोजे घालावे, वाटेवरूनच चालावें, आणि रोज संध्याकाळीं आईबापांनीं त्यांचें अंग, विशेषतः गुडघ्यामागची जागा, कांखा व केसांची कड, बारकाईनें तपासावी. गोचीड दिसल्यास बारीक चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ वर ओढून काढावी. बहुधा ती एक दिवसाहून अधिक चिकटून राहिल्याखेरीज रोग देत नाहीं. यास्तव रोजची तपासणी हाच खरा उपाय. पुढील दिवसांत ताप आला किंवा अंगावर पसरत जाणारा लाल डाग दिसला, तर वैद्यास दाखवावें.

आतां या ‘उजाड’ भूमीनें दिलें तरी काय, तें पाहूं. लेनापी या मूळ रहिवाशांचा येथें पूर्वींपासून वावर होता. पुढें वसाहतवाल्यांस दलदलीच्या कांठीं लोखंड सांपडलें. वाळूंतून उतरणारें आम्ल पाणी लोह विरघळवून आणतें, व तें वर हवेंत येतांच त्याचा गंज होऊन कांठावर थर बसतो. हें लोखंड, वनांतील लोणारी कोळसा व ओढ्यांचें पाणी यांवर १७६६ सालीं चार्ल्स रीड यांनीं बॅट्स्टो येथें भट्टी घातली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत तेथून सैन्यास सामान जात असे. पेन्सिल्व्हेनियांतील दगडी कोळशापुढें हा धंदा टिकला नाहीं. मग त्याच वाळूची कांच करूं लागले. तीहि १८६७ सालीं थांबली. आज बॅट्स्टोचीं जुनीं लांकडी घरें, गिरणी व तळें पाहावयास मिळतात, आणि मुक्कामास आलेल्या मुलांनीं तें गांव अवश्य पाहावें.

त्यानंतरची गोष्ट अधिक शांत आहे. या वनांत रानटी ब्ल्यूबेरीचीं झुडुपें आपोआप वाढत. व्हाईट्सबॉग येथें राहणाऱ्या एलिझाबेथ व्हाईट नांवाच्या बाईंनीं व सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनीं १९११ पासून एकत्र काम चालविलें. मोठीं फळें धरणारीं झुडुपें वनांतील लोकांकडून शोधवून त्यांचा संकर केला, आणि १९१६ सालीं लागवडीच्या ब्ल्यूबेरीचें पहिलें पीक बाजारांत गेलें. कोव्हिल यांच्या ध्यानीं आलेली मुख्य गोष्ट ही, कीं या झुडुपास आम्ल जमीनच हवी. इतरांनीं जो जमिनीचा दोष मानला, तोच तिचा गुण ठरला. आज जगभर जें हें फळ विकलें जातें, त्याच्या लागवडीचा आरंभ अशा टाकाऊ ठरविलेल्या भूमींत झाला.

हें सर्व राखलें जाईलच असें मात्र कोणास वाटत नव्हतें. १९६० नंतरच्या दशकांत या वनांत एक प्रचंड विमानतळ व त्याजवळ नवें शहर उभारण्याची योजना पुढें आली होती. जॉन मॅक्फी या लेखकानें १९६८ सालीं या प्रदेशावर पुस्तक लिहून त्याकडे लोकांचें लक्ष वेधलें. पुढें १९७८ सालीं राष्ट्रीय विधिमंडळानें यास राष्ट्रीय राखीव प्रदेश ठरविलें, व १९७९ सालीं गव्हर्नर ब्रेंडन बर्न यांच्या कारकीर्दींत राज्याचा संरक्षण-कायदा झाला. १९८८ सालीं युनेस्कोनेंहि यास जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. या कायद्याची विशेष गोष्ट ही, कीं त्यानें कोणास घराबाहेर काढलें नाहीं. मध्यभागीं बांधकामास जवळजवळ बंदी. कडेच्या ठराविक भागांत वाढीस मुभा. आणि मध्यभागींच्या जमीनमालकास आपला बांधकामाचा हक्क कडेच्या भागांत बांधणाऱ्यास विकतां येईल, अशी सोय केली. तथापि काम संपलें असें नव्हे. विहिरींनीं उपसा फार केला तर दलदली आटतील, व किनाऱ्यालगत समुद्राचें खारें पाणी आंत शिरेल, ही चिंता आजहि आहे.

शेवटीं आपल्याकडे पाहूं. पाईन-वनांच्या दलदलींत दवबिंदू नांवाची एक चिमुकली वनस्पति असते. तिच्या पानांवरील चिकट थेंबांस किडे चिकटतात व ती त्यांतून आपलें पोषण काढते. जमिनींत जें मिळत नाहीं, तें ती हवेंतून मिळविते. याच कुळांतील वनस्पति आमच्या विद्यार्थ्यांस साताऱ्याजवळील कास पठारावर पावसाळ्याअखेर पाहावयास सांपडतात, कारण तेथेंहि खडकावर मातीचा थर अगदीं पातळ व निःसत्त्व आहे. या पठाराचा समावेश २०१२ सालीं जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटाच्या भागांत झाला. परंतु कोंकणांतील व घाटमाथ्यावरील तसेच कित्येक सडे लोकांच्या तोंडीं अजून नुसती पडीक जागा आहेत, आणि पडीक म्हणूनच तेथें खाणी पडतात, कचऱ्याचे ढीग होतात.

तेव्हां विद्यार्थ्यांनो, सुटींत न्यू जर्सीच्या पाईन-वनांत जा किंवा आपल्या गांवाबाहेरच्या माळावर जा, राहुटी ठोकण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारा : येथें पडलेलें पाणी कोठें जातें, आणि तें कोण पितें? या प्रश्नांचें उत्तर ज्यास समजलें, त्यास नियमांची पाटी वाचावी लागणार नाहीं. निघतांना शेकोटीवर दोनदा पाणी ओता, हाताच्या पाठीनें ऊब पाहा, आणि राहुटीच्या जागीं आपल्या पावलांखेरीज कांहीं उरलें नाहीं ना, याची खात्री करून मगच पाऊल उचला. वाळूवरचीं पावलें पुढील पाऊस पुसून टाकील. बाकी जें टाकाल, तें तो खालीं नेईल.